बाळंतिणीचं रक्त नजरेने नको, मापाने मोजा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

बाळंतपणाच्या केस पेपरवर रक्तस्रावाचा एक रकाना असतो. बाळाचं वजन, ते रडलं ती वेळ, वार पूर्ण पडली की नाही, टाके किती घातले, हे सगळं लिहून झालं की सिस्टर शेवटी तो रकाना भरते. कुठे ‘सरासरी’ लिहिलेलं असतं, कुठे ‘२०० मि.ली.’. ओळीने दहा केस पेपर उघडले तर बऱ्याचदा दहांवर तोच आकडा सापडतो. ज्या खोलीत बाळाचं वजन काट्यावर ठेवून ग्रॅममध्ये लिहिलं जातं, त्याच खोलीत आईच्या अंगावरून किती रक्त गेलं हे मात्र अंदाजाने ठरतं. हे पत्र त्या एका रकान्याबद्दल आहे.

मी निवृत्त परिसेविका. नोकरीचा बहुतेक काळ ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांच्या लेबर रूममध्ये गेला, शेवटची वर्षं परिचर्या प्रशिक्षण केंद्रात मुलींना शिकवण्यात गेली. आपल्या राज्याने मातामृत्यू कमी करण्यात मोठं काम केलं आहे, हे मी आधी सांगते, कारण त्या कामात आमचे हात आहेत आणि मला त्याचा अभिमान आहे. २०१८-२० च्या नमुना नोंदणी पाहणीत देशात दर लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावत होत्या, महाराष्ट्रात ३३. आपल्यापुढे फक्त केरळ होतं. दवाखान्यात बाळंत होण्याची सवय लागली, रुग्णवाहिका आल्या, आशाताई घरोघरी पोहोचल्या, त्याचं हे फळ. आता ज्या बाया दगावतात, त्यातल्या पुष्कळ दवाखान्याच्या खाटेवर, आमच्या डोळ्यांसमोर दगावतात. तिथे पोहोचवून आपलं काम संपत नाही. पोहोचल्यावर तिच्याकडे कोण बघतं आणि काय बघतं, यावर पुढचं अवलंबून आहे.

देशाच्या महानिबंधकांनी २००१-०३ या काळातल्या मातामृत्यूंची कारणं काढली होती, तेव्हा ३८ टक्के मृत्यू रक्तस्रावाने झाले होते. पुढे मृत्यूंची संख्या खूप उतरली, तरी कारणांच्या यादीत रक्तस्राव अजून वरच आहे. बाळंतपणातल्या इतर संकटांत थोडा अवधी मिळतो. जंतुसंसर्गाला दिवस लागतात, झटक्यांच्या आजारातही तास हाताशी असतात. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव आवरला नाही तर सुरू झाल्यापासून मृत्यूपर्यंत सरासरी दोन तास लागतात, असा जुना, सर्वमान्य अंदाज आहे. धडगाव, धारणी किंवा भामरागडच्या एखाद्या केंद्रातून जिल्ह्याच्या गावाला निघालेल्या गाडीत हे दोन तास रस्त्यावरच संपू शकतात. म्हणून रक्तस्राव किती लवकर ओळखला, हाच इथे सगळ्यात मोठा प्रश्न ठरतो.

ओळखणं अवघड का जातं, ते लेबर रूमबाहेरच्या माणसाला सहसा कळत नाही. थोडं सविस्तर सांगते.

दिवस भरलेल्या गर्भपिशवीकडे मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त जात असतं. वार सुटली की तिच्या जागेवरच्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. ती बंद करते गर्भपिशवीच. तिचे स्नायू आवळतात आणि आडव्यातिडव्या तंतूंमध्ये त्या वाहिन्या चिमटल्या जातात. पोटावर हात ठेवला तर बेंबीच्या आसपास गर्भपिशवी क्रिकेटच्या चेंडूसारखी टणक लागली पाहिजे. ती मऊ, ढिली लागली तर रक्त वाहतंय असंच धरायचं, मग खाली दिसो वा न दिसो. जास्तीच्या रक्तस्रावाच्या दहा बायकांमध्ये साधारण सातजणींना तो गर्भपिशवी न आवळल्यामुळे होतो. उरलेल्यांत कुठे गर्भपिशवीच्या तोंडाला चीर गेलेली असते, कुठे वारेचा तुकडा आत राहिलेला असतो, क्वचित रक्तच गोठत नाही.

सामान्यपणे बाळंत झालेल्या बाईचं पहिल्या चोवीस तासांत ५०० मि.ली. किंवा त्याहून जास्त रक्त गेलं तर तो अतिरक्तस्राव, ही व्याख्या आम्ही पाठ केली होती आणि मुलींकडून पाठ करून घेतली. पण हे ५०० मि.ली. असतं कुठे? थोडं टेबलावरच्या रबरी शीटवर पसरतं, थोडं टेबलाखालच्या बादलीत पडतं, तिथे ते गर्भजलात मिसळतं. पॅडमध्ये मुरतं, टाके घालताना वापरलेल्या गॉजमध्ये जातं, साडीच्या घोळात शोषलं जातं. भिजलेले पॅड लगेच पिवळ्या पिशवीत टाकायचे असतात, नियमच तसा आहे. शीट पुसली जाते, बादली ओतली जाते, कारण पुढची बाई कळा देत बाहेर उभी असते. दहा मिनिटांत टेबल स्वच्छ होतं आणि किती रक्त गेलं याचा सगळा पुरावा नाहीसा होतो. त्यानंतर सिस्टर रकाना भरायला बसते. तिने काय लिहावं?

प्रशिक्षण केंद्रात मी मुलींना एक प्रयोग करून दाखवायची. लाल रंगाचं पाणी मापात घेऊन एक ठरावीक माप शीटवर ओतायचं, एक पॅडवर, एक बादलीतल्या पाण्यात, एक जुन्या साडीवर. मुलींनी फिरून प्रत्येक ठिकाणचा अंदाज कागदावर लिहायचा. शीटवर पसरलेल्या चमचाभर पाण्याला त्या घाबरून भलताच मोठा आकडा लिहायच्या, आणि साडीने पिऊन टाकलेल्या अर्ध्या लिटरला निम्म्याहून कमी. विशेष म्हणजे फेरप्रशिक्षणाला आलेल्या, लेबर रूममध्ये केस पिकलेल्या सिस्टरही तसंच चुकायच्या. अनुभवाने हात तयार होतो, डोळ्यांत माप येत नाही. थोडं रक्त जास्त वाटतं आणि खूप रक्त कमी वाटतं, हे जगभरच्या अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. घात होतो तो दुसऱ्या चुकीने, कारण नेमकी जिला मदत हवी तिचाच आकडा लहान लिहिला जातो.

२००६ साली लंडनच्या डॉक्टरांनी असाच, पण फार नीटनेटका अभ्यास प्रसिद्ध केला. पॅड, कपडे, खाट, फरशी यांवर मापून रक्त ओतलं आणि भूलतज्ज्ञांपासून सुइणींपर्यंत सगळ्यांना अंदाज करायला लावला. फरशीवरचं थारोळं आणि भिजलेले मोठे कपडे सगळ्यांनीच कमी धरले. त्यांनी त्यावरून एक चित्रफलक तयार केला. पूर्ण भिजलेलं पॅड म्हणजे साधारण १०० मि.ली., पंचेचाळीस सेंटिमीटरचा चौकोनी भिजलेला मॉप म्हणजे ३५०, आणि फरशीवर एक मीटर रुंदीचं थारोळं म्हणजे तब्बल दीड लिटर. आपल्याकडचे पॅड वेगळे, कपडे वेगळे, म्हणून हे आकडे जसेच्या तसे भिंतीवर चिकटवून चालणार नाही. पण आपल्या पॅडचा, आपल्या मॉपचा असा फलक प्रत्येक जिल्ह्याला एका दिवसात करता येईल.

दुसरी फसवणूक नाडी आणि रक्तदाब करतात. गरोदरपणात बाईच्या अंगातलं रक्त चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढलेलं असतं. निसर्गाने तिला दिलेली ही शिल्लक आहे. त्यामुळे धडधाकट बाई लिटरभर रक्त जाईपर्यंत वरवर तग धरते. ‘बीपी चांगलं आहे’ असं म्हणून आपण निर्धास्त होतो, आणि मग रक्तदाब उतरतो तो एकदम. याउलट जिचं हिमोग्लोबिन सात-आठ आहे, तिला ही शिल्लकच नाही. ती ५०० च्या रेषेपर्यंत पोहोचायच्या आधीच कोसळू शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत आपल्या राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त, ५४ टक्के बायकांत रक्त कमी आढळलं. म्हणजे पाठ्यपुस्तकातली ती धडधाकट बाई आमच्या टेबलावर दर वेळी नसतेच.

म्हणून नाडी आणि वरचा रक्तदाब वेगवेगळे न वाचता शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. हे मी मुलींना अक्षरशः हाताला धरून शिकवायची. नाडी ८४ आणि वरचा दाब ११६, तर ठीक. नाडी ११० आणि दाब १०६, म्हणजे नाडी दाबाच्या पुढे गेली. दोन्ही आकडे सुटे पाहिले तर कुणी दचकणार नाही, पण ही बाई बुडायला लागली आहे. यासाठी ना गणकयंत्र लागतं ना डॉक्टर. दोन आकडे शेजारी लिहिलेले हवेत आणि ते पंधरा-पंधरा मिनिटांनी कुणीतरी खरोखर घेतलेले हवेत.

ते घेतले जात नाहीत, हे मी जबाबदारीने लिहिते आहे. बाळ झालं की खोलीतली सगळी माणसं बाळाकडे वळतात. वजन, पट्टी, जीवनसत्त्व ‘के’चं इंजेक्शन, बाहेर आजीला दाखवणं. आईच्या अंगावर चादर येते आणि दिवा मंद होतो. तिला जांभया येतात, तहान लागते, ती ‘थंडी वाजते’ म्हणते, कूस बदलत राहते. सोबतची आत्या किंवा सासू म्हणते, दमलीय पोर, झोपू द्या. चादर उचलून कुणी पाहिलंच तर आपल्याकडे एक जुनी समजूत आहेच की ही घाण जातेय, जाऊ द्यावी, अडली तर बाधेल. त्या म्हातारीला दोष देण्यात अर्थ नाही. तिला वेगळं कुणी कधी सांगितलंच नाही. जांभई, तहान, अंगाला सुटलेला गार घाम, अस्वस्थ चुळबुळ, मग एकाएकी आलेलं शांतपण ही झोपेची लक्षणं नसतात, मेंदूला रक्त कमी पडतंय याची असतात. रात्रपाळीला एक सिस्टर लेबर रूमही बघते आणि वॉर्डही, तेव्हा चादरीखालचं कळायला सकाळची फेरी उजाडते.

रक्त दर वेळी बाहेर दिसतंच असंही नाही. ते गर्भपिशवीतच गुठळ्या होऊन साठतं, आणि पिशवी बेंबीच्या वर चढत जाते. टाक्यांच्या आत साकळलं तर बाई गुदद्वाराकडे असह्य दाब येतोय म्हणून ओरडते आणि आपण ‘टाके दुखतायत’ म्हणून गोळी देतो. लघवीने फुगलेलं मूत्राशय गर्भपिशवीला आवळू देत नाही, नुसती लघवी करवली की कधी कधी रक्त थांबतं. या गोष्टी चादर बाजूला करून, पोटावर हात ठेवूनच कळतात. मापाची पिशवी मी पुढे मागणारच आहे, पण हाताची जागा ती घेणार नाही.

आता त्या पिशवीबद्दल. साधी प्लास्टिकची शीट. बाळ बाहेर आलं, गर्भजल वाहून गेलं, की ती बाळंतिणीच्या कुल्ल्यांखाली सरकवायची, फितीने कमरेशी बांधायची. तिचं खालचं टोक नरसाळ्यासारखं लोंबतं आणि त्यावर मि.ली.च्या खुणा असतात. रक्त आपोआप त्यात उतरतं आणि लांबूनही वाचता येतं. वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही.

आणि हिचा जन्म कुठे झाला? बेळगावात. कोल्हापूरपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. तिथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत एक मोठा प्रयोग केला. बाळंतपणं करणाऱ्या होत्या सहायक परिचारिका, म्हणजे आपल्या एएनएम. १,६२० बायकांपैकी निम्म्यांना बाळ झाल्याबरोबर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या औषध नसलेल्या गोळ्या. रक्त मोजलं ते याच खुणांच्या पिशवीत. अतिरक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. हा निष्कर्ष २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्याच वर्षी त्याच गटाने पिशवी आणि नजर यांची तुलनाही छापली, आणि नजरेचा अंदाज पिशवीतल्या मापापेक्षा सरासरी ३३ टक्के कमी निघाला. आपल्या सीमेवर, आपल्यासारख्याच बायकांवर, आपल्यासारख्याच परिचारिकांनी हे सिद्ध करून दिलं. त्याला वीस वर्षं होऊन गेली. मी ज्या लेबर रूममध्ये काम केलं, त्यांपैकी एकाही ठिकाणी ही पिशवी नेहमीच्या वापरात मी पाहिली नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण आपले अधिकारी ती आपल्यासमोर ठेवतील आणि ठेवायलाच हवी. युरोपातल्या १३ देशांतल्या ७८ प्रसूतिगृहांत पंचवीस हजारांहून जास्त बाळंतपणांवर अशाच पिशवीचा अभ्यास झाला आणि २०१० साली तो प्रसिद्ध झाला. नुसत्या पिशवीने गंभीर रक्तस्रावाचं प्रमाण लक्षणीय कमी झालं नाही. मला यात आश्चर्य वाटत नाही. पाचशेची रेषा ओलांडलेली दिसली आणि पुढे काय करायचं हे ठरलेलं नसेल, औषध कपाटात आणि किल्ली घरी गेलेल्या फार्मासिस्टकडे असेल, तर माप कळून बाईचं काय भलं होणार?

याचं उत्तर २०२३ साली आफ्रिकेने दिलं. केनिया, नायजेरिया, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिका इथल्या ८० रुग्णालयांत, दोन लाखांहून जास्त बाळंतिणींवर ‘ई-मोटिव्ह’ नावाचा प्रयोग झाला. त्यात पिशवी होती, आणि रेषा ओलांडली की लगेच, एकाच वेळी करायच्या गोष्टींचा एक संच होता. गर्भपिशवी चोळायची, ऑक्सिटोसिन चालू करायचं, ट्रानेक्सामिक अ‍ॅसिड शिरेतून द्यायचं, सलाइन लावायचं, रक्त कुठून येतंय ते तपासायचं आणि वरिष्ठांना बोलवायचं. एक उपाय करून वाट पाहायची, मग दुसरा, ही जुनी पद्धत त्यांनी सोडली. निकाल असा आला. नेहमीच्या पद्धतीत निम्मेच अतिरक्तस्राव वेळेत ओळखले जात होते, नव्या पद्धतीत ९३ टक्के ओळखले गेले. लिटरहून जास्त रक्त जाणं, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा रक्तस्रावाने मृत्यू, हे सगळं मिळून ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं. ती रुग्णालयं आपल्या उपजिल्हा रुग्णालयांपेक्षा श्रीमंत नव्हती. तिथेही सिस्टर कमीच होत्या आणि बायकांचं रक्तही कमीच होतं.

ट्रानेक्सामिक अ‍ॅसिडबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण त्यातली घाई फार थोड्यांना कळलेली आहे. एकवीस देशांतल्या वीस हजार बायकांवरच्या ‘वुमन’ या अभ्यासात २०१७ साली दिसलं की बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळजवळ एक तृतीयांशाने घटतात. तीन तासांनंतर त्याचा उपयोग दिसत नाही. आणि पुढच्या विश्लेषणात निघालं की दर पंधरा मिनिटांच्या उशिराने त्याचा फायदा साधारण दहा टक्क्यांनी कमी होत जातो. ‘डॉक्टरांना फोन लावलाय, येतायत’ या वाक्यात किती फायदा वाहून जातो, याचा हिशेब आपणच करावा.

ऑक्टोबर २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, प्रसूतितज्ज्ञांचा आंतरराष्ट्रीय महासंघ आणि सुइणींचा आंतरराष्ट्रीय महासंघ यांनी मिळून नवी मार्गदर्शक तत्त्वं दिली. त्यांत पाचशेची वाट पाहू नका असं स्पष्ट म्हटलं आहे. खुणांच्या पिशवीत ३०० मि.ली. रक्त दिसलं आणि जोडीला नाडी शंभराच्या वर, रक्तदाब उतरलेला किंवा नाडी दाबाच्या पुढे गेलेली, यांपैकी एक जरी लक्षण असलं तरी उपचार सुरू करायचे. ५०० झालं तर लक्षणं असोत वा नसोत, सुरू करायचे. रक्त कमी असलेल्या आपल्या बायकांसाठी हा बदल फार मोलाचा आहे, कारण त्यांची पुंजी तीनशेलाच सरते.

महोदय, आता मागणं.

प्रत्येक सरकारी लेबर रूममध्ये, प्राथमिक आरोग्य केंद्रापासून वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत, ही पिशवी ग्लोव्ह्जइतकी सहज मिळाली पाहिजे. ती येईपर्यंत एक साधा वजनकाटा द्या. कोरड्या पॅडचं वजन भिंतीवर लिहून ठेवायचं, भिजल्यावर वजन करायचं, वाढलेला एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मि.ली. रक्त. सिझेरियनमध्ये मॉप वजन करावेत आणि सक्शनच्या बाटलीतलं गर्भजल वेगळं धरावं, कारण चिरफाडीत अंदाज आणखी फसतो.

पिशवीबरोबर औषधांचा एक डबा लेबर रूममध्येच, कुलपाविना. ट्रानेक्सामिक अ‍ॅसिड, मिसोप्रोस्टॉल, सलाइन, जाड सुया, लघवीची नळी. ऑक्सिटोसिनला थंडावा लागतो, म्हणून ते लेबर रूमच्या फ्रिजमध्ये असावं, आणि तो फ्रिज लसींच्या खोलीत कुलूपबंद नसावा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सिस्टरला लेखी अधिकार द्या. रेषा ओलांडली की डॉक्टरांच्या आदेशाची वाट न पाहता हा संच सुरू करण्याचा शासकीय स्थायी आदेश काढा. आज ती सुरू करते, पण भीत भीत, आणि काही बिनसलं तर तिचीच चौकशी होते. बेळगावच्या खेड्यात एएनएमने औषध दिलं, केनियाच्या वॉर्डात सुईणीने दिलं. आपली प्रशिक्षित सिस्टर त्यांच्यापेक्षा कमी नाही.

आणि या अधिकाराला जोडून एक संरक्षण. ‘७०० मि.ली.’ असा खरा आकडा लिहिणाऱ्या सिस्टरला आज स्पष्टीकरण द्यावं लागतं, ‘२००’ लिहिणारीला कुणी काही विचारत नाही. मग केस पेपरवर दोनशेच येणार. मोठा आकडा लिहिणं ही कामगिरी मानली गेली पाहिजे, कारण तिने तो पाहिला म्हणून ती बाई वाचली. ज्या रुग्णालयाच्या सहा महिन्यांच्या नोंदींत एकही अतिरक्तस्राव नाही, तिथेच आधी तपासणी पाठवा. केंद्राच्या ‘लक्ष्य’ उपक्रमात लेबर रूमची गुणवत्ता २०१७ पासून तपासली जाते, त्या तपासणीत आपल्या राज्यापुरतं या मोजणीला वेगळं वजन द्या. जिल्हाधिकाऱ्यांपुढे होणाऱ्या मातामृत्यू आढाव्यात पहिला प्रश्न हा असावा की या बाईचं रक्त मापाने कधी मोजलं, आणि मोजल्यापासून औषध टोचेपर्यंत किती मिनिटं गेली.

बाळंतपणानंतरचे पहिले दोन तास तिच्याजवळ एक प्रशिक्षित माणूस असलं पाहिजे, ज्याला दुसरं काम दिलेलं नाही. यासाठी पदं भरावी लागतील. हे सोपं नाही, मला ठाऊक आहे, तरी मागते आहे. रक्तसाठवण केंद्रं कागदावर आहेत पण ‘ओ निगेटिव्ह’ची एक पिशवी रात्री मिळत नाही, हे दुखणं आपल्याला वेगळं सांगायला नको. खासगी प्रसूतिगृहांचाही विचार व्हावा. शुश्रूषागृह नोंदणीचं नूतनीकरण करताना मोजणीची सोय आणि औषधांचा डबा आहे का, एवढं पाहिलं तरी शहरांतल्या लाखो बायकांना त्याचा आधार होईल.

हे पत्र एखाद्या आजीच्या किंवा होणाऱ्या बाबाच्या हाती पडलं तर त्यांनाही सांगते. बाळाला भेटून झालं की आईच्या खाटेशी बसा. अर्ध्या तासात एक पॅड पूर्ण भिजलं, मोठ्या गुठळ्या पडल्या, ती गार पडली, तिला गरगरलं, तिचं बोलणं अडखळलं, तर सिस्टरला हाक मारा, पुन्हा मारा, कुणी रागावलं तरी मारा. घरी गेल्यावरही पहिल्या सहा आठवड्यांत असं झालं तर १०८ ला फोन करा.

महोदय, सगळ्या राज्यात एकदम करणं जमत नसेल तर नंदुरबार आणि गडचिरोलीपासून सुरुवात करा, जिथे रस्ता लांब आहे आणि बायकांचं रक्त कमी आहे. पिशव्या, डबे आणि स्थायी आदेश, या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी पोहोचतील असं पाहा. प्रशिक्षणाला माणसं कमी पडली तर निवृत्त सिस्टर अजून हिंडत्या-फिरत्या आहेत. बोलवा, आम्ही येऊ.

आपली नम्र,
एक निवृत्त परिसेविका